थोरलीची हरकत

इस्त्रीवाल्याने हरकतीच्या अर्जावर सही केली आणि सह्यांचा आकडा छत्तिसावर गेला.

"मला त्यातलं काही कळत नाही," तो म्हणाला, "पण टायपिंगवाल्या ताई सांगतात म्हणजे बरोबरच असणार."

थोरलीने अर्ज नीट घडी घालून पिशवीत ठेवला. तीस वर्षं टायपिंगचा क्लास चालवलेली बाई. अर्जात काना-मात्रेची चूक नव्हती. शहराच्या नव्या विकास आराखड्यात त्यांच्या गल्लीवर एक लाल रेघ आली होती. रेघेच्या पलीकडे सात मजल्यांची परवानगी, अलीकडे दोनच. आणि ती रेघ नेमकी थोरलीच्या आणि धाकट्या बहिणीच्या घरामधल्या भिंतीवरून गेली होती. धाकटी पलीकडे.

अर्जात थोरलीने पाण्याचं लिहिलं होतं, गाड्यांच्या गर्दीचं लिहिलं होतं, आणि तिसऱ्या मुद्द्यात 'माझ्या गच्चीवरचं ऊन कायमचं जाईल' असंही. बिल्डरची गाडी आठवड्यात दोनदा धाकटीच्या दारात थांबली, ते मात्र लिहिलं नव्हतं. लहानपणी एकच फ्रॉक घरात आला, तर तो धाकटीलाच बरोबर बसायचा. आता रेघही तिच्याच मापाची निघाली होती.

संध्याकाळी धाकटी स्वतःच आली. दारातल्या चार पायऱ्या चढून तिला धाप लागली होती. दवाखान्यात नर्स म्हणून उभी राहून राहून तिचे गुडघे पार कामातून गेले होते.

"ताई, सगळ्या गल्लीच्या सह्या घेतल्यास. माझीच तेवढी राहिली."

"तुझी कशाला? तुला तर नवा फ्लॅट मिळणार. लिफ्ट मिळणार."

"मिळाली असती तर बरंच होतं. जिन्याने जीव नकोसा केलाय, खोटं कशाला सांगू?" धाकटीने पेनासाठी हात पुढे केला. "पण इस्त्रीवाला म्हणाला, तुझं ऊन जाणार म्हणून. मला का नाही बोललीस?"

थोरलीने पेन दिलं. वर्षभरात ती गच्चीवर एकदाही गेली नव्हती.

धाकटीने कागद भिंतीला टेकवून सही केली. वळणदार, ठसठशीत. छत्तीस सह्यांच्या खाली तेवढी एकच नजरेत भरत होती. मग ती कठड्याला धरून एकेक पायरी उतरून गेली.

दुसऱ्या दिवशी नगररचना कार्यालयातल्या कारकुनाने अर्जावर आवकचा शिक्का मारला आणि सह्यांवरून बोट खाली नेलं. शेवटच्या नावापाशी थांबून त्याने नकाशा उघडला.

"अहो, ही तर रेघेपलीकडची मालकीण! मालकीणच नको म्हणते म्हटल्यावर झालंच तुमचं काम. रेघ मागे सरकणार. कोण तुमच्या या?"

"बहीण."

"कमाल आहे हो. हातात आलेलं असं सोडणारी माणसं हल्ली बघायला मिळतात कुठे?" त्याने कागद शेजारच्या टेबलावर सरकवला. तिथल्या बाईंनी चष्मा नाकावर ओढून ती सही कौतुकाने पाहिली. सगळ्यात वर, पहिलं नाव थोरलीचं होतं. तिकडे कोणी पाहिलं नाही.

थोरलीची कानशिलं तापली. अर्ज आपला, पायपीट आपली, आणि इथेही तीच.

"तो कागद परत द्या," ती म्हणाली.

"आता कसा देऊ? शिक्का बसला."

"मग मागे घेते."

"मागे घेतलात तर तुमच्या बहिणीच्या घरावर सात मजले चढतील, माहीत आहे ना? बाकीच्यांना परवापर्यंत वेगळा अर्ज करता येईल, पण हा गेला तो गेला."

"माहीत आहे. चढू देत."

कारकुनाने हताशपणे एक छापील फॉर्म काढला, तिचं नाव लिहिलं, तारीख घातली.

"अर्ज मागे घेण्याचं कारण?"

थोरलीने खांद्यावरची पिशवी घट्ट धरली.

"मी थोरली आहे."

 कारकुनाने कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'वैयक्तिक'.