सुजलेल्या हिरड्या

"तुझ्या हातच्या तेलानं तुंबल्यात त्याच्या शिरा," मोठा दीर अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल असं म्हणाला. "ऑपरेशन होऊ दे. मग त्याला माझ्याकडे नेतो. तू तुझ्या आईकडे जा."

बाईचा नवरा आत होता. अख्ख्या संसाराचा निकाल ऑपरेशन थिएटरच्या दारात लागत होता. पुरावा काय, तर भाजीवरचा तवंग! हाच दीर तिच्याकडे जेवायला आला की तीच भाजी दोनदा मागून घ्यायचा.

नवरा दिराच्याच कारखान्यात सोफे-खुर्च्यांना कापड ठोकायचा. एका हातानं कापड ताणायचं, दुसऱ्यात हातोडी, म्हणून बारीक खिळे तोंडात. ते दिरानंच शिकवलेलं. "डबीत हात घालत बसलास तर दिवसाला एक खुर्ची होईल." हिरड्या सोलल्या, सुजल्या, पिकल्या. उशीच्या अभ्र्यावरचं रक्त बाई घासून काढायची. दात दाखवा म्हणून तिनं नवऱ्याला विनवलं. तो ऐकेना, तेव्हा दिराला सांगितलं. दीर हसला होता. "दातानं कुणी मेलंय का? ऑर्डरी पडल्यात, सुट्टी नाही."

दार उघडलं. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या.

"ऑपरेशन आज नाही. हिरड्यांत पू आहे. आधी तो संसर्ग जायला हवा."

"दातांचा नि काळजाचा काय संबंध?" दीर म्हणाला.

"असू शकतो. जुना संसर्ग अंगात सूज धुमसत ठेवतो. त्यानं रक्तवाहिन्याही बिघडत असाव्यात. हेच कारण, असं छातीठोक नाही सांगणार मी. पण नुसतं तेलाला धरून बसू नका. तुमचं भांडण आत ऐकू येतं. हिरड्यांवर टोचल्याच्या खुणा आहेत. ते तोंडात काय धरतात?"

"खिळे," बाई म्हणाली. "दादांना माहीत आहे. मी सांगितलं होतं त्यांना."

डॉक्टरीणबाईंनी दिराकडे एकदा पाहिलं आणि त्या आत गेल्या.

दिराचा चेहरा पडला. बाकावरची माणसं त्याच्याकडे बघत होती. बाईला वाटलं, माफी नको, पण आता हा आपल्याला घालवून तरी देणार नाही.

त्यानं घसा खाकरला.

"एवढं कळत होतं, तर ओढत का नाही नेलंस त्याला? अशा बाईच्या हाती मी माझा भाऊ ठेवणार नाही."