चाकामागचा दगड

भुजंगरावांच्या जुन्या मोटारीचा हातब्रेक लागत नसे, म्हणून ती उभी केली की ते मागच्या चाकाला एक दगड लावत. मोटार पाहायला आलेल्या देवराज मोहल्ल्यातल्या रंगराव शिंप्यांनी विचारलंच, "हा कशाला हो?"

खरं सांगितलं असतं तर गिऱ्हाईक परत गेलं असतं. भुजंगरावांच्या तोंडून निघून गेलं, "चामुंडी देवीच्या डोंगरावरचा आहे. आमच्या घराण्याची रीत. हा चाकाशी असला की गाडीला काही होत नाही." रंगरावांनी तिथल्या तिथे दगडाला हात जोडले आणि दगडासकट मोटार नेली.

रंगरावांचं घर चढावर होतं. आठ दिवस भुजंगराव सांगू की नको करत राहिले. शेवटी खरं काय ते सांगायचंच, असं ठरवून ते त्यांच्या घरी गेले. दारात मोटार उभी होती आणि आत बसून रंगरावांची नातवंडं भोंपू वाजवत होती.

"बन्नी अण्णा, या!" रंगरावांच्या बायकोने, शांताक्कांनी, त्यांना थेट देवघरात नेलं. विठोबाशेजारी कुंकू लावलेला तो दगड होता. "एवढी देवीची वस्तू, धुळीत कशी ठेवायची? अय्यो, मनाला पटेचना. आत्ताच उचलून आणला बघा."

 

भुजंगराव धावत बाहेर आले, मोटारीला मागून खांदा लावला आणि ओरडले, "अक्का, आधी पोरांना उतरवा! मी खोटं का बोललो ते मग विचारा!"