खांबावरचा कान

नंदुरबारच्या मिरच्या वाळवायच्या पथारीवर हेमकांतशेठनं खांबाला कॅमेरा ठोकला अन् बायकांची बोलायची चोरीच झाली. शेठ घरी पंख्याखाली बसून मोबाइलच्या अ‍ॅपवर सगळं बघायचा, ऐकायचा. कुणी सुनेचं गाऱ्हाणं काढलं रे काढलं, की खांबच खेकसायचा, "हात चालाडा वं, तोंड नको!" दुपारचा चहाही त्यानं बंद केला. म्हणे, चहा आला की गप्पा येतात.

एके दुपारी रमिलाबाईनं मिरच्या पसरता पसरता, खांबाला ऐकू जाईल अशा आवाजात, आपल्या आजाची गोष्ट काढली. आजा म्हणे बिबट्यावर बसून सातपुड्यातून बाजाराला उतरायचा, अन् परतताना बिबट्या तोंडात मिठाची गोणी धरून मागे चालायचा. एका बाजारात तो बिबट्या हरवला. आजा शोधत शोधत एका लग्नाच्या मांडवात शिरला. बघतो तर काय, नवरदेवाच्या फेट्याखाली लांब लांब मिशा हलत होत्या, अन् पाटाखालून शेपूट...

एवढं बोलून रमिलाबाई गप्प झाली. नवल म्हणजे, इतका वेळ खांब एकदाही खेकसला नव्हता.

दुसऱ्या दिवशी ती आली, मान खाली घालून कामाला लागली. दुपार झाली तरी तोंडातून एक शब्द नाही.

शेवटी खांबच हळूच खाकरला. "रमिलाबाई, मंग त्या नवरदेवनं काय व्हयनं?"



"घसा सुकी गया, शेठ. समद्यासले चहा धाडा, मंग सांगस."