माय येईपर्यंत

"चालला! अगे, पोट्टा चालला व!" धुरपताबाई ओरडली आणि तिच्या हातचं सूप निसटून तांदूळ अंगणभर झाले.

शेजारच्या रत्नमालेचा अश्वजित भिंत सोडून खरंच चालत होता. झुलत, धडपडत, स्वतःवरच खूश होत. समोरून गोदावरीबाई धावत आली, पिठाच्या गिरणीवाला बाबुलाल दळण अर्धवट टाकून आला. भाताची रोवणी लागली की गल्लीतल्या तरण्या बायका सकाळीच शेताच्या बांधीत, चिखलात उतरतात आणि लेकरं धुरपताबाईच्या अंगणात सोडून जातात. कोणी विचारत नाही, ती नाही म्हणत नाही.

म्हातारीला नाचावंसं वाटलं. पण लगेच आठवण झाली. कालच रत्नमाला म्हणाली होती, "मावशी, माह्या डोळ्यादेखत चालला पायजे व हा."

"मायच्या आधी आपनच पाहून बसलो!" तिनं दोघांना दम भरला. "कोनं तोंड उघडलं तं पाहा. बाबुलाल, तुह्याच पोटात काही राहत नाही."

"मी काहून सांगीन?" बाबुलाल फुगला.

संध्याकाळी रत्नमाला आली, गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेली. दिवसभर अंगण पालथं घालणारं पोरगं आता ढिम्म बसून मुरमुरे खात होतं. गोदावरीबाईनं टाळ्या वाजवल्या. बाबुलालनं तर चक्क नाचून दाखवलं. छे!

"काय होऊन राहिलं तुमाले आज?" असं म्हणत रत्नमाला पाय धुवायला वळली. आणि बेटा उठला की! मुरमुरे टाकून मायच्या मागे निघाला.

"रत्ना, मांगं पाह्य व!"

तिच्या हातातला पाण्याचा गडवा खाली पडला. "मावशी! चालला! पायलं काय तुमी? माहा अश्वजित चालला!"

"आता गं बाई!" धुरपताबाईनं तोंडावर हात ठेवला. बाबुलालचे डोळे तर असे विस्फारले की गोदावरीबाईला हसू दाबायला पदर तोंडात धरावा लागला.

पोराचे मटामटा मुके घेता घेता रत्नमाला थांबली. "एक ऐका ना. याचा बाप रविवारी हैदराबादहून येऊन राहिला. त्याले फोनवर कोनी सांगू नका. त्याच्यापुढेच पहिल्यांदा चालला, असं वाटू द्या त्याले. जमन ना?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"आमाले असल्या कामाची सवय नाही व," धुरपताबाई गंभीरपणे म्हणाली, "पन जमवू."