आजीच्या घरची खिरापत

“ताई, डबा वाजव ना!” भोंडल्याचा फेर मोडून पोरी मृणालभोवती गोळा झाल्या. तिनं झाकलेला डबा उचलला, तर तो अगदीच हलका लागला. ऑफिसातून येऊन खिरापत करायच्या आधी जरा टेकली, तिथंच तिचा डोळा लागला होता. डबा रिकामाच राहिला होता.

तिची आजी उन्हाळ्यात गेली. आजीची खिरापत ओळखताना अख्खी आळी हरायची. एकदा तर म्हणे पोरींनी डबा चाटूनपुसून संपवला, तरी पदार्थाचं नाव कुणाला सांगता येईना. ओळखणारीला आजी एक पेढा द्यायची, हरणारीला दोन! तिचं आजारपण काढून थकलेल्या मृणालला एवढंच हवं होतं, की आजीच्या अंगणातून यंदाही पोरी हसत घरी जाव्यात.

तिनं डबा हलवला. आवाज नाही.

“शिरा!” “साखरभात!” “दुधीहलवा!” “ढोकळा गं, ढोकळा!”

मृणाल नुसती मान हलवत राहिली. अखेर पोरी कंटाळल्या. “हरलो बाई! उघड आता.”

तिनं झाकण काढलं. पोरी डोकावल्या. मग सगळ्यांत थोरली किंचाळली, “अगं, काहीच नाही! आजीसुद्धा इतकं फसवत नव्हती हं!”

सगळं अंगण खदखदून हसलं. मृणालही हसली, आणि हसता हसताच पायरीवर मटकन बसली.

“स्वयंपाकघर उघडं आहे गं,” डोळे पुसत ती म्हणाली. “माझ्यानं काही उठवत नाही. काय हवं ते करा, पण डबा झाकून आणा. आज मला ओळखू द्या.”