जिभेचं उष्टावण

हौसाबाईंच्या नव्या जिभेला सहा महिने झाले, म्हणून उष्टावणासाठी त्यांच्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या मामांना बोलावलं होतं. भाची साठीची असली तरी पहिला घास मामानेच भरवायचा, यावर ते ठाम होते.

कॅन्सरमुळे काढलेल्या अर्ध्या जिभेच्या जागी डॉक्टरांनी हौसाबाईंच्याच पेशींपासून वाढवलेली जीभ जोडली होती. उरलेली अर्धी किरणोपचारांनी बधिर झाली होती.

"ही तान्ह्या बाळाची जीभ आहे. जुन्या चवी ओळखेलच असं नाही," डॉक्टर म्हणाले होते.

"जीभ तान्ही असेल, चाखणारी नाही," हौसाबाईंनी पाटीवर लिहून दाखवलं होतं.

त्यांच्या मसाल्याच्या कारखान्यातून त्यांनी चाखल्याशिवाय एकही पाकीट बाहेर जात नसे, त्यामुळे कारखाना ऑपरेशनपासून बंदच होता. आज तिथल्या सगळ्या बायका दारात जमल्या होत्या.

मामांनी सोन्याची अंगठी खिरीत बुडवून भाचीच्या जिभेला लावली. हौसाबाईंनी डोळे मिटले. बऱ्याच वेळाने त्या सुनेकडे वळल्या.

"वेलदोडा मागच्या दिवाळीचा घातलास ना गं?"

"मुद्दामच घातला," सून म्हणाली आणि तिने कारखान्याची किल्ली सासूच्या हातात ठेवली.