कोलारच्या माळेचं पाणी

माळ वाडग्यात बुडाली आणि राहीबाईच्या नाकात तो वास शिरला.

वास ओळखीचा होता. लग्नानंतर बारा वर्षं ती नवऱ्याबरोबर कोलारला राहिली होती. भिमाजी सोन्याच्या खाणीत उतरायचा. त्यांच्या चाळीमागं एक म्हातारा सोनार बसायचा, त्याच्याकडं असाच वास यायचा. तेजाबाचा. तेजाब सोनं खातं, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं.

माळ त्याच सोनारानं घडवलेली. एकवीस पुतळ्या, सगळ्या हातानं ठोकलेल्या. साचा नव्हता, म्हणून प्रत्येकीचा चेहरा निराळा. एकीचं तर नाकच वाकडं. भिमाजी तिला "तुझी जाऊ" म्हणायचा. पुढं भिमाजी गेला, लागोपाठ दोन वर्षं पाऊस गेला, दावणीची जनावरंही गेली. माळ मात्र राहीबाईनं गळ्यातून काढली नव्हती.

आज तिनं ती स्वतःच्या हातानं काढून दिली होती.

समोर ओट्यावर बसलेला माणूस परगावचा. नाव कानिफनाथ सांगितलेलं. सायकलला पेटी बांधून तो मिरजगावात दागिने उजळायला आला होता. शेजारच्या गोजरबाईची काळी पडलेली जोडवी त्यानं फुकटात अशी लखलखीत करून दिली, की राहीबाई भुललीच. आता माळ तर परत मिळणार होती. पण तिचं सोनं त्या पाण्यात उतरत होतं.

"झालंच बघा, मावशी," तो म्हणाला. "पानी तेवढं मी बाटलीत भरून नेतो. मळ असतो त्यात. लांब नेऊन टाकावा लागतो."

राहीबाईनं गल्लीत नजर टाकली. बाप्यामाणूस एक नाही. तिचा एकुलता लेक काकासाहेब धरून सगळे दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलेले. ओरडलं तर हा बाटली घेऊन सायकलवर टांग मारणार.

ती हसली.

"टाकतोस कशाला, बाबा? सोन्याचं पानी कुनी टाकतं व्हय? बाळाच्या आंघोळीला घेऊ की."

"कुठल्या बाळाच्या?"

"आमच्या. आज पाचवी हाय न्हवं! सोनं बुडवलेल्या पान्यानं न्हाऊ घातलं की लेकरू कसं तेजदार व्हतं. तुमच्यात न्हाई घालत?"

शेजारी उभ्या असलेल्या गोजरबाईला एकदम खोकला आला. वासानं आला असेल. पदर तोंडात कोंबून ती भिंतीकडं वळली.

कानिफनाथनं घाईनं चिमट्यात माळ धरून बाहेर काढली, साध्या पाण्यात बुचकळली आणि राहीबाईच्या हातात ठेवली. माळ झगमगत होती आणि हलकी लागत होती. वाकड्या नाकाची पुतळी आता सरळ नाकाची झाली होती. तरी राहीबाईनं तोंडावरचं हसू ढळू दिलं नाही. तो बाटलीचं बूच काढेपर्यंत तिनं वाडगा उचललाही.

"मावशी, त्यात मळ हाय!"

"सोन्याचा मळ तो! अगं सूनबाई, बाळाला उठव गं! पाटावर घे त्याला!"

"मी दुसरं पानी करून देतो!"

"दुसऱ्यात काय हाय? सगळं तर ह्यात उतरलंय." ती उंबऱ्याच्या आत गेली. "अगं उठवलं का? हे बघ, आधी डोक्यावर धार धरायची, मग…"

"मावशी!" कानिफनाथ ओट्यावरून उडालाच. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "थांबा! तुमच्या पाया पडतो! तेजाब हाय ते, तेजाब! लेकराची कातडी सोलून निघंल!"

राहीबाई वळली. वाडगा तिनं जपून उंबऱ्यावर ठेवला आणि त्याच्याशेजारी फतकल मारून बसली.

"तेजाब हाय, ते मला मघाच कळलं," ती म्हणाली. "तू मानूस हायेस का, तेवढं बघायचं हुतं."

कानिफनाथ मटकन खाली बसला. "मलाबी घरी तान्हं हाय, मावशी," तो पुटपुटला.

"मग आता त्याच्या बापासारखं वाग. ह्यातलं सोनं भाईर काढ. हिराकस आसंल तुझ्या पेटीत, त्यानं सोनं तळाला बसतं. कोलारला लई बघितलंय मी."

त्यानं सायकलकडं पाहिलं. गोजरबाई दोन्ही चाकांतली हवा सोडून नुकतीच उठत होती.

"माझी जोडवी बाकी झ्याक केलीस हां," ती म्हणाली.

कानिफनाथनं मुकाट्यानं हिराकस पाण्यात विरघळवला आणि वाडग्यात सोडला. पाणी गढूळ झालं. तिघंही उंबऱ्याशी वाट बघत बसली. हळूहळू तळाशी तपकिरी गाळ बसला.

"ही तर माती!" गोजरबाई म्हणाली.

"आटवली की पिवळी व्हती," राहीबाई म्हणाली.

कानिफनाथनं वरचं पाणी निथळून टाकलं. गाळ दोनतीनदा धुतला, फडक्यात बांधला आणि पुरचुंडी राहीबाईच्या पदरात टाकली. राहीबाईनं त्याला गुळाचा खडा आणि तांब्याभर पाणी दिलं. इतकं घाबरलेलं माणूस उपाशी धाडायचं तिच्या जिवावर आलं.

सायकल ढकलत तो वेशीच्या वाटेला लागला. थोडं गेल्यावर थांबला. मागं वळून त्यानं खरोखरच्या मायेनं विचारलं, "मावशी, बाळाचं नाव काय ठेवनार?"

"काय घाई हाय?" राहीबाई म्हणाली. "आधी काकासाहेबाचं लगीन तर होऊ दे!"